साडेबाराची वेळ, पावणेअकराची माणसं

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या क्रूझ टर्मिनलच्या दारात पिवळं जाकीट घातलेली एक बाई उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावरची नाहीतर फोनवरची वेळ बघायची, वेळ झाली असेल तर आत सोडायचं, नसेल तर बाजूच्या कठड्यापाशी थांबायला सांगायचं, एवढंच तिचं काम. आमची वेळ होती साडेबारा ते एक. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. नवरा मोठ्या बॅगा पोर्टरच्या हवाली करून गाडी लावायला गेला होता, सासूबाई हातातल्या छोट्या बॅगेवरच टेकल्या होत्या आणि मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते, वय झालंय, फार वेळ उभं राहवत नाही, जमलं तर बघा. माझं वाक्य जुळायच्या आत अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शर्टाच्या खिशातून बोर्डिंग पासची प्रिंट काढून तिच्यापुढे धरली. कागदाला नीट घड्या घातलेल्या होत्या. वर दिसत होतं ते नाव, केबिनचा नंबर आणि बारकोड. वेळेची ओळ आत गेली होती. "वेळ कुठली तुमची, सर?" बाईंनी विचारलं. अण्णा नुसते गोड हसले. प्रश्न त्यांना कळला होता. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून नोकरी संपवलेल्या माणसाला 'टाइम' एवढा शब्द कळत नाही असं होत नाही. बाईंनी अंगठ्याने एक घडी उलगडली, आत पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं, बॅगेवर बसलेल्या आईंकडे पाहिलं आणि कागद त्याच घडीवर पुन्हा मिटून परत दिला. "या, सर."

आम्ही आत गेलो. मला हायसं वाटायला हवं होतं, पण डोक्यात ती घडीच फिरत राहिली. खिशात कोंबताना पडलेली घडी नव्हती ती. आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर अण्णा टेबलाशी बसून नखाने दाबून दाबून कागद घडी करत होते, हे मी ओटा पुसता पुसता पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, कागद जपून ठेवायची सवय. विनातिकीट सापडला म्हणून चाळीतल्या शेजाऱ्यालाही दंड लावणारा माणूस, अशी त्यांची लालबागला ख्याती. त्या माणसाने वेळ लपवली होती, तीही ठरवून, रात्रीपासून. आणि जिला ते कळलं तिनेही ती पुन्हा झाकून दिली. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "अगं, अण्णाच ते." नवऱ्यांचं हे एक बरं असतं.

वेळ खरं तर मी निवडली होती. वेब चेक-इन उघडलं तेव्हा सकाळचे स्लॉट डोळ्यांदेखत संपत होते, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. ह्यूस्टनमधल्या आमच्या घरापासून गॅल्व्हेस्टन तासाभराच्या रस्त्यावर. निवांत उठावं, पोहे खाऊन निघावं, बाराच्या पुढे आरामात पोचावं, असा माझा बेत. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "साडेबारा? मगे आपण नवाक भायर पडुया." मी त्यांना सगळं समजावलं. आधी गेलं तरी आत घेत नाहीत. जहाज संध्याकाळी सुटतं. केबिन आपली नंबरासकट ठरलेली आहे, तिथे दुसरं कोणी जाऊन बसणार नाही. बॅगासुद्धा आपल्याला उचलायच्या नाहीत, त्या दारात आणून ठेवतात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय, व्हय," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी नवाला पाच कमी असताना बूट घालून, कानटोपी चढवून दारापाशी उभे. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते वाद घालतच नाहीत.

गॅल्व्हेस्टनच्या बेटावर उतरल्यावर मी शेवटचा प्रयत्न केला. बंदरातच 'एलिसा' नावाचं जुनं शिडाचं जहाज उभं असतं. 1877 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं, आता संग्रहालयाचा भाग झालेलं. म्हटलं, ते बघू, तासभर सहज जाईल. अण्णा काचेबाहेर बघत म्हणाले, "बोटीर चढूक चललव, आनि वाटेत दुसरी बोट बघीत रवाचा?" पुढे पियर 19 पाशी कोळंबीच्या होड्या लागल्या होत्या. अण्णांनी काच खाली केली. फेब्रुवारीतलं गार, ओलसर वारं आत आलं आणि त्याच्याबरोबर डिझेलचा, भिजलेल्या दोरांचा आणि मासळीचा वास. "सुंगटां," अण्णा म्हणाले. टेक्सासमध्ये आल्यापासून ते इतक्या ठामपणे काही बोलले नव्हते. आईंनी नाकाला पदर लावला. मी काच वर करायचं बटण शोधत होते, ते नंतर सोडून दिलं.

अण्णांचं गाव मालवणच्या आतल्या अंगाला. लहानपणी मुंबईला यायचं ते आगबोटीने. चंद्रावती, रोहिणी ही नावं ते अजूनही एखाद्या नात्यातल्या बायकांची घ्यावीत तशी घेतात. मालवणचं बंदर खडकाळ. आगबोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. बोटीची वेळ कागदावर असे, पण ती कागदावरची वेळ कोणी खरी धरत नसे. आधीच्या बंदरांत माल चढवायला किती वेळ गेला, वारं कुठून आहे, भरती कधीची, यावर सगळं. म्हणून घरून आदल्या संध्याकाळीच निघायचं. भाकऱ्या, सुकी चटणी, पाण्याचा तांब्या, वळकटी आणि मुंबईच्या नातेवाइकांसाठी कोकमाची, कुळथाच्या पिठाची गाठोडी. रात्र किनाऱ्यावरच काढायची. पोचवायला आलेली माणसं जाणाऱ्यांपेक्षा जास्त. अण्णांची आजी यायची, काका यायचे, एकदा म्हणे घरचा कुत्राही मागोमाग आला. कोणी कोणाशी फार बोलत नसे. सिंधुदुर्गाच्या पलीकडे धूर दिसला, भोंगा वाजला, की एकदम आरडाओरडा, पडावाकडे धाव, गुडघाभर पाण्यात पोरांना खांद्यावर घेऊन चढवणं. सगळा निरोप त्या पाच मिनिटांत उरकायचा. पण त्याआधीची रात्र होतीच की हाताशी.

आणि लवकर जाण्याला रोकडा व्यवहारही होता. डेकवर जागेला नंबर नसे. ज्याची वळकटी आधी पसरली त्याची जागा. इंजिनाच्या बाजूला पडलात तर रात्रभर ऊब आणि तेलाचा वास, कठड्याच्या बाजूला पडलात तर पाण्याचे तुषार. मधली जागा मिळाली तर बोट लागायची भीती जरा कमी. उशिरा चढणाऱ्याला दोन अनोळखी कुटुंबांच्या पायांत बसून मुंबई गाठावी लागे. मुंबईहून परतताना भाऊच्या धक्क्यावर हाच खेळ, फक्त माणसं दहापट आणि हमालांची ओरड. तेव्हा अण्णांच्या मनात आधी पोचणं आणि झोपायला जागा मिळणं ही दोन नाहीत, एकच गोष्ट आहे. हे मला कळतं. पण आता केबिन आहे, पलंग आहे, पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा माणूस आहे. तरी नवाला बूट का?

मी पुण्याची. आमच्याकडे सहाला या म्हटलं की सहाला यायचं. पावणेसहाला आलेला माणूस आणि सव्वासहाला आलेला माणूस सारखाच गैरसोयीचा, उलट पावणेसहावाल्याचा राग जरा जास्त, कारण तेव्हा यजमानीणबाई अंघोळीला गेलेल्या असतात. माझे वडील स्वारगेटला एसटी सुटायच्या बरोबर दहा मिनिटं आधी आम्हाला फलाटावर उभं करत. त्याहून आधी पोचलो तर रिक्षावाल्याने फार जोरात आणली म्हणून त्यांची चिडचिड. त्यामुळे स्लॉट ही कल्पना मला मनापासून पटते. तुमची वेळ ही, तुमच्या आधीच्याची ती, कोणी कोणाच्या अंगावर यायचं नाही. सासरी आल्यावर मला समजलं की जगात दुसरीही माणसं आहेत. या दोघांच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला मीच बरोबर गेले होते. बीकेसीत वकिलातीसमोरचा तो फुटपाथ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वेळेच्या फार आधी आत घेत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी उजाडायच्या आत तिथे माणसं उभी असतात. फाइल छातीशी, बॅग आणि मोबाइल सांभाळणाऱ्याचा भाव किती याची चौकशी, कोणीतरी कोणालातरी सांगतंय की पाच नंबरच्या खिडकीवरचा गोरा कडक आहे. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या टपरीवाल्याने नुकता स्टोव्ह पेटवला होता. अण्णांनी तिथे नालासोपाऱ्याच्या एका कुटुंबाशी इतकी ओळख करून घेतली की त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका पुढे लालबागला आली.

मी तेव्हा रागावले होते. झोप मोडली होती, दुसरं काही नाही.

टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणी झाल्यावर एक मोठा हॉल लागतो. खुर्च्यांच्या रांगा, उंच काचा, काचेबाहेर जहाजाची बाजू. अख्खं जहाज तिथून दिसत नाहीच, नुसती एक पांढरी भिंत आणि तिच्यावर गोल खिडक्या. हॉल माणसांनी भरलेला. टेक्सासमधली कुटुंबंच्या कुटुंबं एकसारखे टी-शर्ट घालून आली होती. कोणाच्या आजीची पंच्याहत्तरी, कोणाचं नवं लग्न, एकांच्या पाठीवर नुसतंच 'कर्ज नंतर फेडू'. बारा कॅनचे सोड्याचे खोके खांद्यावर घेऊन बाप्ये चालले होते, कारण तेवढं घरचं नेऊ देतात. आणि साधारण अर्ध्या जणांची वेळ अजून झालेली नव्हती, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळत होतं. "आमची एकची आहे, पण कोण बघतंय!" असं एक काकू दुसऱ्या काकूंना सांगत होत्या, अगदी आपल्याकडच्या काकूंच्या सुरात. त्यांना घाई जेवणाची होती. चढल्या चढल्या बुफे उघडा असतो, पैसे आधीच भरलेले असतात, मग दुपारचं एक जेवण का सोडा? हा हिशोब मला पटला नाही तरी समजला.

स्लॉट कशासाठी, तेही तिथे बसून नीट कळतं. हेच जहाज पहाटे मागच्या सफरीवरून येऊन धक्क्याला लागलेलं असतं. त्यातले काही हजार लोक सकाळी उतरवायचे, त्यांच्या बॅगा, त्यांचे पासपोर्ट. शेवटचा माणूस उतरून मोजणी शून्यावर आली की मगच नव्यांना चढवायला सुरुवात. मधल्या तीन-चार तासांत प्रत्येक पलंगाची चादर बदलायची, शौचालयं घासायची, आणि काचेतून दिसत होतं त्याप्रमाणे फोर्कलिफ्टवरून बटाटे, अंडी, दुधाचे क्रेट आणि न संपणाऱ्या पाण्याच्या बाटल्या जहाजाच्या पोटात ढकलायच्या. केबिनी एक-दीडच्या सुमारास उघडतात. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा कायदा बसलेला, जहाज सुटायच्या तासभर आधी प्रवाशांची पक्की यादी सरकारकडे गेली पाहिजे. या दोन टोकांमध्ये सगळ्यांना बसवायचं तर माणसं पसरून यायला हवीत. म्हणजे वेळ तुमच्या सोयीसाठी दिलेली नसते, इमारतीच्या, तपासणीच्या यंत्रांच्या आणि बाहेरच्या हार्बरसाइड ड्राइव्हवरच्या गाड्यांच्या सोयीसाठी दिलेली असते. त्यात वाईट काही नाही. सगळे एकदम आले तर कठड्यापाशी उन्हात उभं राहायची पाळी म्हाताऱ्यांवरच येते.

फक्त एक गोष्ट मला खटकली. हॉलच्या डाव्या अंगाला दोरी लावून एक वेगळी वाट केली होती. मोठ्या सुइटवाल्यांना आणि वर्षानुवर्षं याच कंपनीने फिरणाऱ्यांना वेळेची अट नाही. ते केव्हाही येतात, थेट पुढे जातात. म्हणजे अण्णांनी कागदाच्या घडीत जे मिळवलं ते किमतीच्या तक्त्यावर रीतसर विकायला आहे. आगबोटीवरही वरचा वर्ग होता, नव्हता असं नाही. पण धूर दिसेपर्यंत सगळे एकाच वाळूत बसलेले असत. वाट बघण्यातून कोणाला पैसे देऊन सुटता येत नसे.

आमच्या मागे एक तरुण जोडपं होतं, बाबागाडीत वर्षा-दीड वर्षाचं पोर. त्यांची वेळ साडेदहाची. नियमाने आलेले, आणि आमच्यासारख्यांमुळे मागे राहिलेले. ते पोर किरकिरायला लागलं तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं. मी अण्णांना हळूच म्हटलं, "अण्णा, खरं तर ही त्यांची जागा आहे." अण्णांनी मागे वळून पाहिलं, उठले, हाताने वाट करून दिली. "गो, गो. प्लीज." ते गेले. त्यांच्या मागच्यांनाही अण्णांनी पुढे घातलं. मग एकसारख्या टी-शर्टवाल्या अख्ख्या कुटुंबाला. एव्हाना नवरा पार्किंगच्या शटलने येऊन पोचला होता. आमच्या ओळीला बोलावलं तेव्हा तो उठला, मी उठले, आई उठल्या. अण्णा बसून. "चला ना अण्णा, आपल्याला बोलावतायत." अण्णांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "अजून आपलो टायम खंय झालो?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

म्हणजे त्यांना जहाजावर लवकर जायचं नव्हतंच. त्यांना धक्क्यावर लवकर यायचं होतं. घडी घातली ती दारातून आत यायला. पुढे कोणाच्या आधी चढायचा त्यांचा बेत नव्हता, तो त्यांच्या हिशोबात गुन्हाच ठरला असता. साडेबारापर्यंत ते तिथे बसले. बसले म्हणजे काय, तर हॉलमधली निम्मी माणसं त्यांनी तपासली. कोण कोणाचं, कोणाची बॅग जड, कोणता म्हातारा रुसलाय. आईंनी पिशवीतून थालीपिठाच्या घड्या काढल्या. विमानतळावर असतं तसं इथेही कोणी हटकेल म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं. लोणच्याचा वास मात्र दोन रांगा पुढे गेला असावा, कारण एका मुलाने वळून पाहिलं. अण्णांनी त्याच्यापुढे तुकडा धरला. त्याच्या आईने नको म्हटलं, मग मुलाने घेतलाच. बाहेर फोर्कलिफ्ट ये-जा करत होती. "कांदे," अण्णा म्हणाले. "बटाटे. आता परत कांदे." साडेबाराला एक मिनिट कमी असताना ते उठले आणि पँटवरचे कण झटकले. मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला आणि थोडा संतापही आला. हे आधी सांगितलं असतं तर मी दाराशी वाक्यं जुळवत उभी राहिले नसते. पण सांगणार काय, "मला धक्क्यावर दोन तास नुसतं बसायचंय"? आणि असं कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, अण्णा, घरीच बसा ना मग दोन तास, सोफ्यावर. इथल्या धक्क्यावर पोचवायला तर कोणाला येताच येत नाही, दाराच्या आत फक्त कागदवाले. ज्यांना कोणी पोचवायला आलेलं नाही त्यांनी आपलं आपल्यालाच थोडं पोचवायचं असतं की काय, असं मला नंतर वाटून गेलं. तेव्हा सुचलं नाही.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या आपत्कालीन ठिकाणी जाऊन हजेरी देणं. कोणत्या डेकवर, कोणत्या खुणेपाशी जमायचं ते कागदावर छापलेलं असतं. बहुतेक लोक हातात पेय घेऊन जातात आणि कार्ड दाखवून परत फिरतात. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठरलेली होती. तेव्हाच्या नियमाला ते चालत होतं. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ती झालीच पाहिजे. अण्णांनी मात्र त्या फिलिपिनो पोराला लाइफजॅकेटची शिट्टी कुठे, दिवा कुठे, सगळं दाखवायला लावलं. मग आम्हाला समाधानाने म्हणाले, आधी येणाऱ्याला बघून घ्यायला वेळ मिळतो. त्यावर आई पहिल्यांदाच बोलल्या. आईंचं माहेर अलिबागकडचं. "रामदास बोटीला जे उशिरा पोचले ते वाचले," म्हणाल्या. एवढंच. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेच्या वर माणसं. त्या भागात अजून कित्येक घरांत ती तारीख सांगावी लागत नाही. अण्णा गप्प झाले. बराच वेळ शिट्टी बोटांत फिरवत राहिले. मलाही काही सुचेना. मग आईच म्हणाल्या, "चला, जेवण संपेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा पोहण्याच्या तलावापाशी दोन खुर्च्यांवर पंचा आणि आईंची शाल पसरून आले. अशा खुर्च्या धरून ठेवू नका, अशी पाटी तिथे ठळक होती. त्याबद्दल मी काही बोलले नाही, कारण अख्ख्या डेकवर तोवर निळ्या टॉवेलांच्या वळकट्या पसरलेल्या होत्या आणि त्या काही कोकणातल्या माणसांनी पसरल्या नव्हत्या.

परतीच्या पहाटे भोंग्याने जाग आली. थांबून थांबून, दोन-दोन मिनिटांनी, लांबलचक. बाल्कनीचा पडदा सरकवला तर बाहेर काहीच नाही. समुद्र नाही, कठड्यापलीकडे हातभर पांढरं आणि त्यापुढे तेही नाही. गॅल्व्हेस्टनच्या तोंडाशी हिवाळ्यात हे नेहमीचं. आखातावरची ऊबदार, ओली हवा किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यावर आली की धुकं धरतं, जहाजांना बंदरात आत आणणारे पायलट जहाजांवर यायचं थांबतात आणि खाडीचं तोंड बंद. कप्तानाने सांगितलं, वाट बघावी लागेल, किती ते सांगता येणार नाही. उतरायच्याही वेळा दिलेल्या होत्या, आमच्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. त्या सगळ्या एका घोषणेत रद्द झाल्या. माझ्या शेजारच्या बाईंचं विमान होतं, त्या फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. मलाही दुपारी ऑफिसची मीटिंग होती. अण्णा मात्र डेकवर कानटोपी घालून उभे होते, आणि प्रत्येक भोंग्याला किंचित मान हलवत होते.

धुकं उठायला दुपार झाली. जहाज हळूहळू आत शिरलं, कोळंबीच्या होड्यांवरून पेलिकन उडताना दिसायला लागले, आणि मग टर्मिनल. वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. दाराबाहेर कठड्याच्या कडेने रांग, रांगेच्या मागे गाड्या, गाड्यांच्या मागे आणखी गाड्या. पुढच्या सफरीची माणसं. त्यांनाही फोनवर नव्या वेळा गेल्या असणार, आणि तरी ती आलेली होती. आमच्यातला शेवटचा माणूस उतरून मोजणी शून्यावर येईपर्यंत त्यांच्यातला एकही चढणार नव्हता. उतरायला सुरुवात झाली. आमचा रंग पुकारला, पुन्हा पुकारला. अण्णा जेवणघरात खिडकीशी बसून चहात बिस्किट बुडवत होते. तिथला वेटर तीनदा टेबल पुसून गेला होता.

"अण्णा, आपल्यामुळे ते सगळे अडकलेत. चला ना."

अण्णांनी खाली रांगेकडे नीट निरखून पाहिलं. कपातलं बिस्किट तळाशी गेलं होतं, ते चमच्याने वर काढलं.

"रवांदेत वायच," म्हणाले. "आमी नाय रवलव?"